लॅपटॉपला हात लावू नकोस

टुंग, टुंग, टुंग. कपडे धुऊन झाल्याचं मशीनने ओरडून सांगितलं आणि मायलेकी दोघीही दचकल्या. इतका वेळ घर अगदी चिडीचूप होतं. खारूने तोंडावर बोट ठेवून मशीनकडे डोळे वटारले.

"शूऽऽ! आईची परीक्षा आहे!"

सकाळपासून आईला पहिल्यांदा हसू फुटलं.

करार पक्का होता. इंटरव्ह्यूचा फोन संपेपर्यंत खारूने सतरंजीवरून उठायचं नाही, बोलायचं नाही, लॅपटॉपला हात लावायचा नाही. रंगीत खडू आणि कागद घेऊन खारू पलंगाच्या पायथ्याशी मांडी घालून बसली होती. एरवी एका जागी टिकेल तर शपथ!

नवऱ्याने निघताना धीर दिला होता, "घाबरतेस काय? फोनवर चेहरा दिसत नाही. निम्मा इंटरव्ह्यू तिथेच जिंकलीस."

"आणि उरलेला निम्मा?"

"तो तर तुला येतोच की!"

खारू पोटात असताना तिने सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडली होती. आता खारू शाळेत जायच्या वयाची झाली, तेव्हा पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली. मधल्या वर्षांत काय केलंत, असं मेलवर विचारून बाकीच्या कंपन्या पुढे काही कळवायच्याच नाहीत. फोनपर्यंत मजल गेलेली ही पहिलीच कंपनी.

फोन आला. तिने स्पीकर लावला. पलीकडचे गृहस्थ समजूतदार वाटले. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. एका उत्तरावर ते "छान" असंही म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "समजा, एकच तिकीट उरलंय आणि दोन माणसं एकाच क्षणी बटण दाबतायत. तुमचा प्रोग्रॅम ते दोघांनाही विकणार नाही, हे कसं बघाल?"

हे तिला येत होतं. जुन्या नोकरीत तिने हेच तर लिहिलं होतं. पण डोक्यात नुसता पांढरा कागद.

"विचार करते हं, सर," असं म्हणत तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि प्रश्न टाइप करायला लागली. जुन्या लॅपटॉपची बटणं खटखट वाजली.

"तुम्ही काही टाइप करताय का?"

"नाही, नाही सर! माझी मुलगी आहे. खेळतेय लॅपटॉपशी." तेवढ्याने भागेना, म्हणून आवाज चढवून म्हणाली, "बाळा, हात काढ बघू तिथून! किती वेळा सांगायचं?"

सतरंजीवर खारूने मान वर केली. हातातल्या निळ्या खडूकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. मग खडू खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. तोंडातून मात्र चकार शब्द काढला नाही. करार होता ना.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "असू द्या हो, रागावू नका लेकराला. आमचा धाकटा तर मीटिंगमध्ये मांडीवरच येऊन बसतो. तुम्ही घ्या सावकाश."

तोवर उत्तर समोर आलं होतं. ते तिकीट आधी एकासाठी अडवून ठेवायचं, त्याचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं. पहिली ओळ वाचताच तिला सगळं आठवलं. पुढचं तिचं ती बोलली. पण कान कसे तापले होते.

"उत्तम. पुढच्या फेरीचं कळवतो," ते म्हणाले. "आणि हो, छोटीला खाऊ द्या माझ्यातर्फे."

फोन संपला. नवऱ्याचा मेसेज आला: 'काय झालं गं?' सतरंजीवर खारूजवळ जाऊन बसत तिने फोन पालथा ठेवला.

"बोल आता, सोन्या. संपलं."

खारूने हात पुढे आणले. बोटं निळी झाली होती.

"आई, मी इथेच होते ना?"

"हो गं राणी. इथेच होतीस."

"हात नव्हता ना लावला?"

"नव्हता. शहाणी आहेस तू माझी."

खारूने तो पालथा फोन उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"मग त्या काकांना सांगतेस?"