कोऱ्या जागेतलं नाही
दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी आई हॉस्पिटलच्या दारातून परत आली होती. काउंटरवरच्या माणसानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं, या पेशंटला भेटायची परवानगी नाही, इथं तसंच लिहिलंय. आई समोरच्या बाकावर बसली, दिवे लागेपर्यंत बसून राहिली, मग उठून घरी आली. पहाटे फोन आला.

धाकटी, म्हणजे दादाची बहीण, तेव्हा कामासाठी परगावी होती. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नंतर घरातली माणसांची वर्दळ ओसरली तरी आईचं एकच पालुपद चालू राहिलं: त्यानंच नको म्हटलं, माझं तोंड बघायचं नव्हतं त्याला. तसं कारणही होतं. दादानं आईचं शिलाई मशीन अडगळ म्हणून तिला न विचारता विकून टाकलं होतं. आईनं त्याला नाही नाही ते ऐकवलं आणि तेव्हापासून दोघांचा अबोला होता. धाकटी समजूत घालायला गेली की आई म्हणायची, तू कुठं होतीस तिथं?

आता धाकटीचं काम काय, तर प्रोग्रॅम लिहिणं. आणि नशिबाचे भोग असे, की त्या हॉस्पिटलात पेशंट दाखल करायला जो प्रोग्रॅम वापरतात तो तिच्याच कंपनीचा. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण डोक्यात उजेड पडला तो कामावर परत गेल्यावर. तिच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत. त्यानं बिचकत बिचकत विचारलं, तुमच्या भावाची भेट बंद कुणी केली होती, डॉक्टरांनी का? ती म्हणाली, नाही रे, त्यानंच. आणि म्हणता म्हणता तिला आपणच लिहिलेला कन्स्ट्रक्टर आठवला.

इथं कन्स्ट्रक्टर म्हणजे काय ते सांगायलाच हवं, त्याशिवाय गोष्ट पुढं जायची नाही. क्लास म्हणजे नुसता बेत: पेशंटला नाव असतं, वय असतं, खाट असते, त्याला भेटायला सोडायचं की नाही हे असतं. त्या बेतावरून एकेक पेशंट कॉम्प्युटरात उभा राहतो, त्याला म्हणायचं ऑब्जेक्ट. आणि तो उभा राहताना सगळ्यात आधी जे चालतं ते कन्स्ट्रक्टर. त्याच्या जागा तिथंच भरल्या जातात. कुणी माहिती दिली तर ती, नाही दिली तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेली.

पूर्वी भेटीची जागा कोरी राहिली की पुढचा सगळा प्रोग्रॅम धाडकन आडवा व्हायचा. साहेब डोक्यावर बसले होते. धाकटीनं कन्स्ट्रक्टरमध्ये ठोकून दिलं, काही सांगितलं नसेल तर ‘नाही’. भलताच कुणी आत शिरण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं. शंकासुर तेव्हा म्हणाला होता की पेशंटला विचारलंच नाही आणि पेशंट नको म्हणाला, या दोन गोष्टी वेगळ्या, तेव्हा तिसरं काहीतरी ठेवा. तिनं त्याची खिल्ली उडवली, म्हणाली, तुझं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सगळे हसले आणि जेवायला गेले. अहो, ते तिसरं लिहायला असा कितीसा वेळ लागला असता!

तिनं खात्री करून घेतली. दादाला घाईघाईत आणलं होतं, नाव, वय आणि खाट एवढंच भरलं होतं. भेटीचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ते ‘नाही’ दादाचं नव्हतं, तिचं होतं. तिनं त्याच दिवशी कन्स्ट्रक्टर बदलला. आता जागा कोरी असली की काउंटरवर अक्षरं येतात: विचारलेलं नाही, आत जाऊन विचारा. शंकासुरानं ते तपासलं, ठीक आहे म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

राहिली आई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सांगावं तर आईला दारातून परत पाठवणारी आपणच. न सांगावं तर दादावरचा आळ कायमचा. गेलेला माणूस काही उठून आपली बाजू मांडणार नव्हता.

एका दुपारी आई दादाचे शर्ट काढून बसली होती. कुणाला तरी द्यायचे होते, पण एकाचं बटण तुटलेलं, ते हातानं लावत होती. धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली.

“आई, तू कपडा बेतायचीस ना, तसा मी कॉम्प्युटरात पेशंट बेतला होता. कुणी भेटीचं सांगितलं नाही तर आपोआप ‘नाही’ लागेल, असं मीच करून ठेवलं होतं. दादाला कुणी विचारलंच नाही गं. तो नको म्हणाला नव्हता. ते मी लिहिलं होतं.”

आता आई काय बोलेल, म्हणून ती मान खाली घालून बसली. आईनं शर्ट मांडीवर ठेवला. मग तिनं विचारलं, “नको म्हणाला नव्हता?”

“नाही.”

आईचा चेहरा निवळला. दादा गेल्यापासून असा निवळलेला धाकटीनं बघितला नव्हता. तिला वाटलं, चला, सांगितलं ते बरं केलं. आईनं बटणाला अजून एक टाका घातला, दुसरा घालायला सुई उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला.

“म्हणजे तो आत माझी वाट बघत होता,” आई म्हणाली. “आणि मी आलेच नाही असं समजून गेला.”