आरशातली वलयं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामांनी काचेवर काच घासून दुर्बिणीचा आरसा स्वतः घडवला होता. वर्षानुवर्षं घरात त्याच्याशिवाय विषय नव्हता. आणि आज दुर्बिणीतून काढलेला पहिलाच फोटो लॅपटॉपवर उघडला, तर मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाभोवती गोल गोल वलयं! घासताना हात कमी-जास्त पडला की आरशात अशीच वलयं राहतात, हे मामांना पक्कं ठाऊक. त्यांचा चेहराच उतरला.

“गेली मेहनत पाण्यात,” म्हणत ते आरसा पुन्हा घासायला पूड भिजवू लागले.

“मामा, जरा दम धरा!” भाची ओरडली. एकदा पूड लागली की हा आरसा कायमचा गेला, हे तिलाही कळत होतं. त्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली तिनंच बसवून दिली होती, त्यामुळं तिला आधी त्याचाच संशय आला. तिनं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारी साधी पट्टी पडद्यावर काढली. तिच्यातही पायऱ्या, वर हिरवट-गुलाबी कडा.

“ह्या पट्टीनं तुमचा आरसा कधी पाहिला?”

मामांचा हात थांबला.

लॅपटॉप रखडू नये म्हणून भाचीनंच कलर डेप्थ, म्हणजे रंगछटा किती दाखवायच्या तो आकडा, सोळा बिटवर आणून ठेवली होती. लाखो छटा गाळून तो काही हजारांवर भागवत होता. तिनं सेटिंगच्या फाइलमध्ये सोळाचे चोवीस केले आणि हातासरशी रिझोल्यूशनही वाढवलं. पडदा काळा झाला तो काळाच राहिला. डॉक्टरच चक्कर येऊन पडल्यावर पेशंट बघेल, तसे मामा तिच्याकडं बघत राहिले.

तिनं जीभ चावली. हावरटपणानं पडद्याला न झेपणारा आकडा टाकला होता. कळा दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जाऊन तिनं तो झेपेल एवढा केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि फोटो उघडला.

वलयांचा मागमूस नव्हता. गुलाबी उजेड कडांना इतका अलगद विरत होता, की तो संपतो कुठं आणि अंधार सुरू होतो कुठं, सांगता येईना. मघाशी मधोमध नुसता पांढरा ठिपका होता, तिथं आता चार तारे वेगवेगळे चमकत होते.

“हजार वर्षांपूर्वी निघालेला उजेड,” मामा पुटपुटले, “आणि उतरला कुठं, तर माझ्या हातच्या काचेवर. अन् मी तीच...”

त्यांनी भिजवलेली पूड उचलली आणि मोरीत ओतून दिली.