तोंडातले खिळे

कोच-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरातली पोरं बोलण्याआधी गप्प बसायला शिकतात. चेष्टा नाही ही. या धंद्यात बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांत आणायचा, एका हातानं कापड ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं ठोकायचं. अशात माणूस खदखदून हसला की खिळा गेलाच पोटात. म्हणून ताईच्या बाबांचा दुकानात एकच कायदा होता: समोरच्याच्या तोंडात खिळे असताना त्याला हसवायचं नाही.

आणि तिचा धाकटा भाऊ नेमका निघाला भोंगा. हे नावही बाबांनीच ठेवलेलं. पोरगं जन्मजात नकल्या. पण कायदा म्हणजे कायदा. तो ताईशेजारी उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा. तिनं उरलेले खिळे पत्र्याच्या वाटीत थुंकले, टिंग टिंग आवाज झाला, की हा सुरू! कोचावर बसल्या बसल्या घोरणारं गिऱ्हाईक, गादी परत परत दाबून बघणाऱ्या बाई, सगळे एका दमात हजर. ताई काथ्याच्या ढिगात लोळून हसायची. बाबा ओरडायचे, "गाढवांनो, कामं करा!" आणि तोंड फिरवून उभे राहायचे. पाठ हलायची ना त्यांची, ती दिसायची.

काय दिवस होते ते! बाबा गेले, दोघांची लग्नं झाली, ताईचे यजमानही गेले, केस पांढरे झाले, पण दुकानात ती वाटी तीच आणि भोंगाही तोच. ताईला वाटायचं, आपलं उरलेलं आयुष्य असंच त्या टिंग आवाजाच्या पुढेमागे निघून जाईल, आणि तिला ते मंजूर होतं.

मग ताईचं आतडं अडकलं. तातडीनं पोट उभं फाडावं लागलं. जीव वाचला. ती जरा उठून बसायला लागली तशी भोंग्याची स्वारी भेटायला आली, आणि आल्या आल्या त्याचा भोंगा सुरू.

"ताई, काल एक बाई खुर्ची घेऊन आली. म्हणाली, ही माझ्या नवऱ्याला चावते."

"चावते?"

"हो ना. मी विचारलं, नेमकी कुठे चावते? तर म्हणते, थांबा, त्यांनाच घेऊन येते, ते दाखवतील!"

ताई हसली. नुसती हसली नाही, काथ्याच्या ढिगातल्यासारखी हसली. आणि मध्येच "आई गं!" करून पोटाशी वाकली. आत काहीतरी सटकन ओढलं गेलं होतं. नर्स धावत आली, तिनं भोंग्याला बखोट धरून बाहेर काढलं. गोष्ट अर्धीच राहिली.

पुढे टाक्यांत पू झाला, जखम भरायला वेळ लागला. घरी आल्यावर काही महिन्यांनी आंघोळ करताना ताईला व्रणाशेजारी फुगवटा लागला. आडवं झालं की आत जायचा, खोकलं की बाहेर यायचा. डॉक्टर म्हणाले, हर्निया. भोंग्यानं ते ऐकलं आणि मनाशी ठरवून टाकलं की हे आपलंच पाप.

तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. दुकानात आला की पहिलं काम काय, तर तोंडात खिळे भरायचे. ठोकायचे नसले तरी भरायचे. कोणी काही विचारलं की नुसतं "हं." कोपऱ्यात कोणा गिऱ्हाइकाची विसरलेली एक खुर्ची होती, तिच्यावर बसून राहायचा, तेही अर्धवट, एका कुशीवर. ताई म्हणायची, "अरे, चांगला गादीचा स्टूल आहे, त्यावर बस." हा हलायचा नाही. भावजय एकदा रडवेली होऊन म्हणाली, "ताई, घरीसुद्धा असेच असतात हो." ताईनं शंभरदा सांगितलं, बाबा रे, तुझ्यामुळे काही झालं नाही. पण ऐकेल तर तो भोंगा कसला!

फुगवटा वाढत चालला, दुखायला लागला, दुकानातल्या काथ्याच्या धुळीनं धरलेला खोकलाही सुटेना, तेव्हा ताई एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी समजावून सांगितलं की पोटाच्या भिंतीला एकदा छेद दिला की ती पहिल्याइतकी मजबूत कधीच होत नाही. बारीक आणि जवळ जवळ टाके घातले तर ती बरी धरते, पण जखमेत पू झाला, वजन जास्त असलं, खोकला पाठ सोडत नसला, की सांधा हळूहळू विरतो. आता आतून जाळी बसवायची.

"म्हणजे सीटखाली पट्टे ताणतो तसं," ताई म्हणाली. "पट्टे ढिले झाले की काथ्या खाली लोंबतो. नुसतं कापड शिवून उपयोग नसतो."

"अगदी तसंच," बाई हसल्या. "पण आधी खोकला घालवायचा. तुमच्या दुकानातली ती धूळ बंद, तोंडाला फडकं बांधायचं. वजनही थोडं उतरवा. मग ऑपरेशन."

ताईनं मनातला प्रश्न अखेर विचारलाच. "डॉक्टर, हसल्यानं फाटतं का हो पोट?"

"छे! दुखतं, बस. तुमच्या जखमेत पू झाला होता, खोकला होता. एका हसण्यानं कोणाला हर्निया झालेला मी तरी पाहिला नाही. खोकताना, हसताना पोटावर उशी दाबून धरायची, म्हणजे आधार मिळतो."

ताईनं घरी येऊन हे शब्दन् शब्द भोंग्याला सांगितलं. त्यानं ऐकलं आणि आणखी चार खिळे तोंडात टाकले.

ऑपरेशनची ताईला भीती वाटली नाही. भीती वेगळीच होती. पोट शिवून होईल, जाळी बसेल, आणि हा असाच मुका राहिला तर? मग कशासाठी बरं व्हायचं? रात्री तिला दुकानातली ती पाठ आठवायची, हलणारी, आणि डोळे भरून यायचे.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. ताई उशीला टेकून बसली होती, तेवढ्यात भोंगा आला. काखेत एक छोटीशी घट्ट उशी. त्यानं ती ताईच्या मांडीवर ठेवली. ताईनं हात फिरवला आणि गलबललीच. बाबांच्या वेळच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवली होती: घोरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कोचाची हिरवी मखमल, गादी दाबणाऱ्या बाईंचं फुलाफुलांचं कापड. टाके बारीक, एकाला एक लागून.

"कधी शिवलीस रे?"

"हं."

ताईनं त्याच्या गालाकडे निरखून बघितलं. गाल फुगलेला. हा महाभाग दवाखान्यात तोंडात खिळे भरून आला होता!

"थुंक ते," ताई म्हणाली.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"थुंक म्हणते ना! मी मोठी आहे तुझ्यापेक्षा."

कॉटजवळच्या स्टीलच्या वाटीत एकेक खिळा पडला. टिंग. टिंग. ताईनं उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरली.

"आता सांग. त्या बाईनं नवऱ्याला आणलं, मग काय झालं? दोन वर्षं वाट बघतेय मी."

भोंग्यानं हातानं ओठ पुसले. मग गंजलेल्या आवाजात म्हणाला, "काहीच झालं नाही. ती परत आलीच नाही. पुढचं मी जागच्या जागी रचणार होतो."

"आणि खुर्ची?"

"ती काय, कोपऱ्यातली."

ताईच्या लक्षात यायला एक क्षण लागला. त्याचं ते एका कुशीवर बसणं, ते न हलणं. "अरे... ती चावते ना?"

"चावते."

"दोन वर्षं? हातात पक्कड असताना? वर आलेला खिळा नाही उपटलास?"

"तुला दुखत होतं ना," भोंगा म्हणाला.

ताईला आधी रडू फुटलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, त्या चावणाऱ्या खुर्चीवर दोन वर्षं एका कुशीवर बसलेला पन्नाशीचा बाप्या डोळ्यांपुढे आणून, तिला असं हसू आलं की आवरेना. भोंगा घाबरून उभा राहिला, "ताई, नको, ताई!" म्हणत त्यानं उशीवर स्वतःचेही दोन्ही हात दाबले. पोट दुखत होतं, चांगलंच दुखत होतं, पण आत काही सटकलं नाही. ताई हसतच राहिली, आणि थोड्या वेळानं तिला जाणवलं की उशीवरचे ते हातही हलताहेत. भोंग्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि त्याची पाठ हलत होती, अगदी बाबांसारखी.

"जा आता," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी तो खिळा काढ."