सोमवारचं उत्तर

भूमिकानं वही टेबलावर उघडली आणि पुन्हा एकदा मोजलं. एकूण चौसष्ट वाक्यं: मत सांगणारी एकोणचाळीस, सभ्यपणे नकार देणारी पंचवीस. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रशियन. हिंगण्याच्या कारखान्यात नवी भट्टी बसवायला वयस्कर रशियन अभियंता निकोलाय सेर्गेयेविच आला, तेव्हा तिला दुभाषी म्हणून घेतलं होतं. भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. आणि रशियनचा दोन वर्षांचा संध्याकाळचा वर्ग, एवढीच तिची शिदोरी. म्हणून साहेबलोकांच्या तोंडची रोजची इंग्रजी वाक्यं ती टिपून ठेवी.

सोमवारी सकाळी अकरा वाजता चाळिसावं वाक्य, म्हणजे नकारांतलं पहिलंच, कामी आलं होतं. तिकडे रशियात निकोलायच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन शनिवारी होतं. गुरुवारी दुपारी इथून निघालं तरच तो वेळेत पोचणार होता. त्यानं व्यवस्थापक वसंतरावांकडे रजा मागितली.

वसंतराव हसले. "लेट अस सी, सर. आय विल ट्राय माय लेव्हल बेस्ट."

भूमिकानं ते रशियनमध्ये सांगितलं, एकही शब्द न गाळता. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून आभार मानले. वसंतरावांचे आणि तिचेही.

तो गेल्यावर तिनं विचारलं, "सर, खरंच सोडता त्याईले?"

"चाचणी चालू हाये, कसा सोडू वं? भट्टीजवळ त्याईच्या कंपनीचा माणूस पाहिजेच."

"मग तसं सांगू का?"

"पाहुण्याले तोंडावर नाही म्हणाचं काय? समजते माणूस."

तिलाही ते पटलं होतं. गावी, कुहीला, तिच्या ताईसाठी आलेलं स्थळ आईनं 'कळवतो' एवढंच म्हणून परतवलं होतं, आणि पाहुणे चहा संपवून मुकाट उठले होते.

मंगळवारी निकोलाय फोनवर बायकोशी बोलत होता. 'गुरुवारी निघतो,' हे भूमिकाला स्पष्ट ऐकू आलं. ती जिन्यावरूनच मागे फिरली. बुधवारी तिनं डबा प्रयोगशाळेत खाल्ला. आज गुरुवारीही ती सकाळपासून तिथंच वही घेऊन बसली होती.

"काहून वं भूमिका, इथं लपून राहिली का?" कॅन्टीनच्या सिंधूताई दारात उभ्या होत्या. "तो रशियाचा बुवा पाह्य ना फाटकावर. बॅग घेऊन, टाय लावून बसला. नवरदेव दिसून राहिला नुसता!"

भूमिकानं वही मिटली. फाटकापर्यंत जाताना तिनं दोनदा ओढणी सारखी केली.

तिला पाहताच निकोलाय उठून उभा राहिला.

"गाडी किती वाजता येईल?"

"गाडी येणार नाही, निकोलाय सेर्गेयेविच. रजा मिळाली नाही."

"कधी ठरलं हे?"

वसंतरावांचं नाव तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"मला सोमवारीच माहीत होतं. तुमच्यासमोर उभी होते तेव्हाच."

त्यानं टाय सोडला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. आवाज चढला नाही.

"चेन्नईला आमचा एक माणूस आहे, मोकळाच बसलाय. सोमवारी सांगितलं असतंस तर बदली म्हणून त्याला बोलावलं असतं. रेल्वेनं किती वेळ लागतो?"

"सतरा तास."

त्यानं मान हलवली. भूमिकानं घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. सोमवारपासून बहात्तर तास झाले होते.