धाकटीच्या हातचं पाणी

“ऊठ म्हणतो ना! ऊठ ऐरणीवरून!”

“नाही उठत. न्यायचीच असेल तर माझ्यासकट उचला.”

म्हातारा लोहार मरून नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी त्याचा थोरला मुलगा बाजारगावाहून टेम्पो आणि दोन हमाल घेऊन भट्टीच्या दारात हजर. आणि धाकटी सून पाय रोवून ऐरणीवर बसलेली. म्हातारा असता तर त्यानं पहिल्यांदा तिलाच झोडलं असतं. ऐरणीवर कोणी बूड टेकलेलं त्याला खपत नसे. पण म्हातारा नव्हता, आणि अडीच मणाचं ते लोखंड राखायचं दुसरं कुठलं साधन धाकटीजवळ नव्हतं.

“भावजी, दुकानात तुमच्याकडे विजेवर चालणारी यंत्रं आहेत. ही कशाला हवी तुम्हाला?”

“बापाची आहे म्हणून हवी. तुला कशाला हवी ते सांग.”

“काम करायला.”

थोरला हसला. त्याची बायको टेम्पोच्या सावलीत उभी होती, तीही हसली. आरडाओरडा ऐकून जमलेलं अर्धं गाव हसलं. चुलीपुढची बाई घण मारणार म्हणे!

गर्दीत पुढे होता तिरशिंगराव. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. नाकावरची माशी उठायच्या आत चिडणारा माणूस, म्हणून हे नाव पडलेलं. गावाच्या तिन्ही बाजूंनी त्याची शेती, सगळी दगडगोट्यांची. म्हाताऱ्याचं आणि त्याचं वीस वर्षं भांडण, आणि वीस वर्षं काम मात्र याच भट्टीत. त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड खाली घेतली आणि सगळ्यांना दाखवली.

“ही बघा. गेल्या हंगामात म्हाताऱ्यानं पाणी दिलंय हिला. वर्षभर फोडतोय लाकडं, धारेला दातरा म्हणून पडला नाही. असा हात पुन्हा होणे नाही. तो गेला, भट्टी संपली. पोरी, ऊठ.”

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते काही खोटं नाही. म्हातारा जिवंत असताना हाच तिरशिंगराव त्याला दारातून शिव्या घालून जायचा.

धाकटीनं कुऱ्हाडीकडे पाहिलं. तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून कणखर करायचं, याला लोहार पाणी देणं म्हणतात. कमी दिलं तर धार वाकते, जास्त दिलं तर तुटते. त्यातच लोहाराची सगळी अक्कल. दोन वर्षं तोंड दाबून ठेवलेलं तिच्या ओठांवर आलं, आणि ते तिला परत गिळता आलं नाही.

“त्या कुऱ्हाडीला मी पाणी दिलंय.”

“काय?”

“मी. तुमच्या कुऱ्हाडीला, तुमच्या पाचही फाळांना, ह्या सगळ्यांच्या विळ्या-खुरप्यांना. मामांचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती. भट्टी मी चालवत होते.”

एकदम गलका उठला.

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी!” थोरली ओरडली. “सासऱ्याला आंधळा ठरवते! तोंड धरायला तो नाही म्हणून!”

“सारखा दारात बसलेला असायचा तो,” कोणीतरी म्हणालं. “लांबूनच मला ओळखून शिव्या द्यायचा.”

“पायांच्या आवाजावरून ओळखायचे,” धाकटी म्हणाली.

“तुझ्या घरात कोणाला ठाऊक होतं हे?” तिरशिंगरावानं विचारलं. “बोलाव साक्षीला.”

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो कोळशाच्या ढिगापाशी उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं रोज सकाळी बापाला हाताला धरून त्यानंच दारातल्या बाकावर आणून बसवलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, गावानं पाहिलं, थोरल्यानंही पाहिलं. नवऱ्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं कोळशाचा एक खडा उगाच इकडचा तिकडे केला.

धाकटी आपणहून उठली.

हमालांनी ऐरण उचलली. टेम्पोचं मागचं चाक खाली बसलं. जाताना थोरला म्हणाला, “बापाच्या नावाला पुन्हा हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे.”

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, गर्दी पांगली. धाकटी भट्टीत जाऊन दार ओढून बसली आणि मेलेल्या सासऱ्यावर मनसोक्त चिडली.

*

या घरात ती आली तेव्हा सासू जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हातारा तोंडाचा इतका घाण, की गिऱ्हाईक भट्टीशी यायच्या आधी मनाची तयारी करून यायचं. मुलांना तो ‘अरे गाढवा’खेरीज हाक मारत नसे. थोरला त्या शिव्यांना कंटाळूनच बाजारगावी पळाला आणि खिडक्या-दारांच्या जाळ्या जोडायला लागला. धाकट्यानं शेत धरलं. भट्टीत म्हातारा एकटा उरला.

धाकटीला मात्र त्यानं पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हटलं. ‘बाई, पाणी दे.’ ‘बाई, जेवलीस का?’ तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं, तेव्हा घरी येऊन बायका काय काय बोलल्या. तुझं चुकलं, तुझ्या अंगातच नाही, पुढच्या वेळी जप. म्हातारा काहीच बोलला नाही. त्यानं भट्टी चार दिवस विझवून ठेवली. ऐन पेरणीचे दिवस. गिऱ्हाईक दारात येऊन ओरडायचं आणि तो आतून म्हणायचा, “घरातलं माणूस गेलंय. चालते व्हा.” त्या मुलाला माणूस म्हणणारा सगळ्या गावात तेवढा एकच निघाला.

पाचव्या दिवशी तो तिला म्हणाला, “बाई, घरात बसून भिंती खायला उठतील. भाता ओढायला ये.”

ती आली. भात्यावरून घणावर आली, घणावरून सांडशीवर. तिच्या तळव्याच्या मापाची मूठ तासून म्हाताऱ्यानं तिला वेगळा हातोडा करून दिला. काम चुकलं की तो गप्प बसायचा. काम जमलं की तिलाही एक सणसणीत शिवी मिळायची, आणि तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

मग त्याच्या डोळ्यांवर पडदा आला. आधी तो विचारायचा, “रंग काय दिसतो, बाई?” ती सांगायची, तो बुडवायचा. पुढे हात कापायला लागला, तेव्हा सांडशीही तिच्याकडे आली. तो दारात बसून गिऱ्हाइकाशी भांडायचा, माल घ्यायचा आणि म्हणायचा, “ठेव आणि नीघ! कामाच्या वेळी दारात गर्दी नको.” आत अंधारात ती काम करायची.

“मामा, सांगून टाकू या ना,” ती एकदा म्हणाली होती.

“मी जिता आहे तोवर नाही. आज माझी शिवी ऐकून पळतात ते उद्या माझा हात धरून मला रस्ता दाखवायला येतील. कीव करतील मेले. मी गेलो की खुशाल सांग सगळ्यांना.”

“तेव्हा माझं कोण ऐकेल?”

म्हाताऱ्यानं कोळसा टाकायला सांगितलं.

आता दार ओढलेल्या भट्टीत बसून ती त्याला म्हणाली, “तुमची लाज तुम्ही राखलीत. माझं काय केलंत?” आणि मग नऊ दिवसांत न आलेलं रडू तिला आलं.

*

नवऱ्याशी ती बोलेना. तोही बोलेना. पण चौथ्या दिवशी शेतावरून येताना त्यानं बैलगाडीतून काहीतरी आणलं आणि एकट्यानं ओढत भट्टीत नेलं. जुन्या रेल्वे रुळाचा हातभर तुकडा. भंगारातून शोधून आणलेला. लाकडाच्या ओंडक्यात खाच पाडून त्यानं तो पक्का बसवला, ठोकून पाहिला, आणि घामेजलेल्या तोंडानं तिच्याकडे बघत राहिला.

“त्या दिवशी तोंड उघडलं असतंत तर हा हमालीचा खटाटोप वाचला असता,” ती म्हणाली.

“दादासमोर माझी जीभ वळत नाही. लहानपणापासून नाही.”

“ठाऊक आहे. म्हणून काय त्याचं कौतुक करू?”

तिनं रुळावर हातोडा मारून पाहिला. आवाज ऐरणीसारखा नव्हता, पण हातोडा उसळत होता. चालण्यासारखं होतं.

गिऱ्हाईक मात्र फिरकलं नाही. नांगरणी तोंडावर आली. ऊन असं की जमीन तापून तव्यासारखी, ढेकूळ पायाखाली फुटायचं नाही, पायच सोलून निघायचा. लोक फाळ घेऊन भट्टीवरून सरळ पुढे जायचे, बाजारगावी, थोरल्याच्या दुकानात. जाताना एखादी बाई मुद्दाम मोठ्यानं विचारायची, “काय गं, आज कोणाला आंधळा केलंस?” धाकटी घरचीच विळी घासत बसायची.

थोरल्यानं फाळ झटपट करून दिले. विजेच्या यंत्रावर घासून चकचकीत, तोंड दिसेल असे. चकाकीत त्यानं कसर ठेवली नाही. पण पोलाद चकाकी मागत नाही. पहिल्या दोन दिवसांतच कुणाचा फाळ मेणासारखा वळला, कुणाच्या फाळाचं टोक दगडाला लागून उडालं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी भट्टीच्या दारात काहीतरी दणकन आदळलं. तुटका फाळ होता. त्यामागे तिरशिंगराव, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला.

“कर,” तो म्हणाला.

“काय करू?”

“फाळ. म्हातारा करायचा तसा.”

“म्हातारा नव्हता करत.”

तिरशिंगरावाचा जबडा हलला. मागे त्याचे बैल उन्हात उभे होते, अर्धं रान नांगरायचं राहिलं होतं.

“मग जो कोण करत होता,” तो दात खाऊन म्हणाला, “त्यानं करायचा तसा कर.”

धाकटीनं फाळ उचलला.

“मी इथंच उभा राहणार,” तिरशिंगराव म्हणाला. “डोळ्यांनी बघणार.”

“बघा. पण दारातून बाजूला व्हा, दार ओढून घ्यायचंय. उजेड आला की रंग दिसत नाही.”

तिनं भाता धरला. मोठं काम, घण मारायला दुसरा हात हवा होता. हाक मारावी लागली नाही. गोठ्यातून नवरा आला, त्यानं घण उचलला. ती हातोड्यानं जागा दाखवायची, तो तिथं घण घालायचा. टोक ओढून निघालं, फाळाला बाक आला.

“बाजू पातळ झाली ती,” तिरशिंगराव म्हणाला.

तिनं फाळ उलटा केला.

“म्हातारा एवढी पातळ करत नसे.”

तिनं हातोड्यानं पुढची जागा दाखवली.

“अगं, दगडाची जमीन आहे माझी, तिथं—”

“अहो मातीखाऊ टोणग्या!” धाकटी कडाडली. “दगड तुमच्या रानात आहेत की टाळक्यात? तोंड मिटा, नाहीतर हाच फाळ तापलेला घालीन त्यात!”

नवऱ्याचा घण हवेतच थांबला. तिरशिंगरावाचं तोंड उघडं राहिलं होतं, ते त्यानं हळूहळू मिटलं. वीस वर्षं त्यानं याच जागी याच चवीच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

फाळ लाल झाला. तिनं टोक पाण्यात धरलं, चरचर झाली, वाफ उठली. बाहेर काढून दगडानं घासून तिनं ते लख्ख केलं आणि अंधारात डोळ्यांसमोर धरलं. मागची धग आता टोकाकडे सरकत येते, आणि तिच्यापुढे रंग चालतात. आधी लिंबाच्या सालीसारखा पिवळा. तो विळ्याला चांगला. मग गुळासारखा तपकिरी. मग वांग्यासारखा जांभळा. दगडाच्या जमिनीला जांभळा हवा, आणि त्याच्यामागून निळा येतो, तो आला की सगळं वाया. मधे वेळ फक्त एका श्वासाचा. हे म्हाताऱ्यानं तिला शिकवलं होतं ते स्वतःला दिसत नसताना, नुसतं आठवून. ती आता त्याच्यावर चिडली नाही. त्याला तिथं बसवून दाखवावंसं मात्र फार वाटलं.

जांभळा टोकाला टेकला. तिनं फाळ पाण्यात सोडला.

“न्या,” ती म्हणाली.

तिरशिंगराव फाळ घेऊन गेला. आभार मानायची त्याला सवय नव्हती.

चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या सकाळी त्याची गाडी दारात उभी राहिली. उरलेले चार फाळ, दोन कुऱ्हाडी, एक पहार. सगळं त्यानं धडाधड खाली टाकलं. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, “काय, कसा निघाला हो फाळ?”

“वाईट काय निघायचंय त्यात?” तिरशिंगराव खेकसला. “दोन वर्षं तिच्याच हातचं वापरतोय मी.”

दुपारपर्यंत हे गावभर झालं. संध्याकाळी दारात सतरा विळे, नऊ फाळ. माफी कोणी मागितली नाही. बायका म्हणाल्या, आम्हाला तर आधीपासूनच संशय होता.

आठवड्यानं थोरला आला. या वेळी टेम्पो नव्हता, बायको नव्हती. दाराशी उभा राहून त्यानं रुळाच्या तुकड्याकडे पाहिलं.

“ह्याच्यावर करतेस?”

“करते.”

“माझ्या दुकानात ये. ऐरण तिथं नुसती पडून आहे. पत्र्याचं छप्पर, विजेचा भाता. गिऱ्हाईक समोर मी बघीन, आत काम तू कर.”

“आणि नाव?”

“नाव दुकानाचं. ते तर असणारच.” तो मऊपणानं म्हणाला, “बापासाठी केलंसच ना दोन वर्षं? मी काय परका आहे?”

धाकटीनं सांडशी खाली ठेवली.

“भावजी, माझं मूल गेलं तेव्हा त्या माणसानं चार दिवस भट्टी विझवली होती. तुम्ही भेटायलासुद्धा आला नाहीत. माझ्या कामाला त्यांना स्वतःचं नाव हवं होतं, मी दिलं. जन्मभर दिलं असतं.” तिनं आपला हातोडा उचलला. “तसा माणूस पुन्हा भेटला तर पुन्हा देईन. तुम्ही तो नव्हे.”

थोरल्यानं मदतीसाठी भावाकडे पाहिलं. धाकट्याची मान सवयीनं खाली जायला लागली होती. ती मधेच थांबली.

“दादा,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की दोघांनाही कान द्यावा लागला. “दारातून बाजूला हो, दार ओढायचंय. उजेड येतोय.”