मिनोबेसरांचा आकडा

"अगं, उतर ना आता! मला दुकान उघडायचंय," गाडी थांबवून चिझुरुचा नवरा शिगेओ म्हणाला.

चिझुरु उतरली नाही. मांडीवर योकानच्या गोड वड्यांचा डबा धरून ती वृद्धाश्रमाच्या दाराकडे बघत बसली.

"काय सांगू त्यांना? सर, तुमचा आकडा चुकला?"

"मग नको सांगूस. गोड दे आणि ये परत."

"माझा शोधनिबंध छापून येणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?"

"मग सांग. जन्मभर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारे अणू मोजलेस, आणि एका म्हाताऱ्याला घाबरतेस!"

चिझुरु नुमाता वाको शहरातल्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे युरेनियमचा झोत आपटून त्याचे तुकडे करत. त्यातली न्यूट्रॉनांनी खच्चून भरलेली अणुकेंद्रकं सिलिकॉनच्या चकतीत येऊन रुतत आणि क्षणात एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकून दुसरंच मूलद्रव्य होत. रुतल्यापासून फेकेपर्यंतचा वेळ मोजायचा, हे चिझुरुचं काम. ताऱ्यांच्या टकरीत सोनं कसं घडतं, ते या वेळावरून कळतं. अशा एका केंद्रकाचं आयुष्य मिनोबेसरांनी फार पूर्वी, ते मोजायची सोयच नसताना, कागदावर मांडलं होतं. पुढे सगळं जग तोच आकडा वापरू लागलं. चिझुरुही त्यांचीच विद्यार्थिनी. तिच्या मोजणीत ते आयुष्य निम्मंच निघालं होतं.

सर खिडकीपाशी बसले होते. डबा बघताच म्हणाले, "योकान आणलंस? म्हणजे बातमी वाईट आहे. चांगली असती तर हात हलवत आली असतीस."

चिझुरुने खाली बघतच सगळं सांगून टाकलं.

"निम्मं?" सरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "मोजणीतला इकडचातिकडचा गोंधळ वजा केलास?"

"केला, सर."

"त्यातून जन्मलेलं केंद्रकही पुढे फुटतं. ते वेगळं काढलंस?"

"काढलं."

"हं." ते खिडकीबाहेर बघू लागले. अंगणात कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. "तो आकडा निघाला, त्या दिवशी तोमोएने सणासुदीचा लाल भात केला होता. शेजारीपाजारी वाटून आली. सोनं कसं बनतं ते आमच्या ह्यांना कळलं, म्हणून."

सरांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"आज असती तर घरोघरी जाऊन भात परत मागायला लावला असता मला," म्हणत सर हसायलाच लागले. हसता हसता डोळे पुसले, चष्मा चढवला. "म्हणजे सोनं घडायच्या वाटेवरच्या त्या थांब्यावरून गाडी लवकर सुटते. मी उगाच ताऱ्यांना ताटकळत ठेवलं होतं! झोत चालू आहे का गं आज?"

"आहे. फेरतपासणी चाललीय."

"मग मला ने."

"आत्ता?"

"मग केव्हा? माझं अर्धायुष्य कधीच उलटून गेलंय."

त्यांनी टाय बांधायला घेतला. गाठ जमेना, तेव्हा खाली गाडीत थांबलेल्या शिगेओला वर बोलावलं. शिगेओने गाठ मारून दिली, परिचारिकेला तोंडभर आश्वासनं दिली, आणि दुकानाचं नावही न काढता गाडी वाकोकडे वळवली.

सर आत आले तशी नियंत्रण कक्षातली सगळी मंडळी उभी राहिली. कुणी पडद्यासमोरची खुर्ची पुढे केली. "बसा, बसा. कामं करा आपली," म्हणत सर मागच्या भिंतीपाशी एका स्टुलावर जाऊन बसले.

"इथून दिसतंय ना, सर?" चिझुरुने विचारलं.

"दिसतंय. कसा दिसतो गं तो अणू?"

"आला की निळा ठिपका. फुटला की लाल."

"कागदावर इतकी वर्षं काढली त्याच्याबरोबर. तोंड बघितलं नव्हतं कधी."

बराच वेळ काहीच आलं नाही. मग पडद्यावर एक निळा ठिपका उमटला आणि लगेच त्याच्यावर लाल. चिझुरुने वळून पाहिलं. मिनोबेसर स्टुलावरून उठले होते. भिंतीचा आधार सोडून, दोन्ही हात सरळ ठेवून, ते पडद्यापुढे कमरेत वाकून नमस्कार करत होते.

मग ते पुन्हा बसले, आणि पुढच्याची वाट बघू लागले.