मुलीचा मामा

बडनेऱ्याला गाडी बदलून सूर्यभान एकदाचा खिडकीजवळ टेकला आणि आधी खाली वाकून पाहिलं. दोन्ही चपला पायांत होत्या. टाचेमागं पट्टा असला तरी पाहिल्याशिवाय त्याला खात्री वाटत नसे. घोट्याखाली काय चाललंय ते त्याच्या पायांना नऊ वर्षं कळत नव्हतं.

अमरावतीबाहेरच्या महारोग्यांच्या वसाहतीतून एकट्यानं प्रवासाला निघायची ही पहिलीच वेळ. रोग बरा झाला होता. चेहरा साफ, बोटं शाबूत. गेले ते फक्त पाय, आणि तेही दिसायला चांगले धडधाकट. "दुखणार नाहीत, तेव्हा डोळ्यांनीच सांभाळायचे," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोग बरा झाल्याचा कागदही खिशात होता. पण तो दाखवायचा म्हणजे आपणच दवंडी पिटायची. डब्यात कळलं तर पुढच्या स्टेशनावर उतरवतील, आणि अकोल्यात कळलं तर भाचीचं लग्न मोडेल. बहिणीनं, मनकर्णानं, भाऊ नागपूरच्या गिरणीत असतो असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी तिनंच पत्र घातलं होतं. बोहल्यावर पोरीच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा, आणि मामा तर हा एकच.

गाडीनं कुरूम सोडलं. दोन्ही अंगांना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रिकामी झालेली काळी वावरं पळत होती. लहानपणी असल्याच वावरांतून तो अनवाणी हुंदडायचा. बाभळीचा काटा रुतला की बोंब ठोकायचा. मग मनकर्णा, तीही केवढीशी, त्याचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा उकरायची. "रडू नोको, निंगाला," म्हणत तो तळहातावर ठेवून दाखवायची. माणसं जुन्या दिवसांतलं काय काय आठवून झुरतात. हा गडी त्या काट्यासाठी झुरत होता.

मुर्तिजापूरला समोरच्या बाईनं खिडकीतून चहा घेतला. बाई चांदूर रेल्वेची, नाव मैनाबाई, तोंडानं फटकळ. डब्यातल्या साऱ्यांची चौकशी तिनं एव्हाना उरकली होती, सूर्यभान तेवढा राहिला होता. गाडीनं हिसका दिला आणि पेलाभर वाफाळता चहा त्याच्या पायावर गेला. तो बाहेर बघत होता. बघतच राहिला.

"अरे बाप्पा, पोयलं काय हो भाऊ?"

त्यानं खाली पाहिलं. पाय लाल झाला होता. मग त्यानं पाय झटकला, तोंड वेडंवाकडं केलं, "आई गं" म्हटलं. सगळं बिनचूक केलं, फक्त उशिरा. पाय पुसायला पदर घेऊन वाकलेली मैनाबाई तशीच थांबली. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

"कोठी चाल्ले?" जरा वेळानं तिनं विचारलं.

"अकोल्याले. जानराव गावंड्याची पोरगी माही भाची होय. लगन हाय उद्या."

"शैलाचं?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "नवरदेव माहा भाचा हाय. बाळापूरचा."

मग ती खिडकीबाहेर बघू लागली. एवढी बोलकी बाई गप्प झाली याचाच सूर्यभानला धसका बसला. बोरगावला गाडी थांबली तेव्हा तो पिशवी घेऊन उठलाही. आपण पोचलोच नाही तर पोरीचं लग्न तरी होईल. पण मग तिच्या मागं उभं कोण राहणार? तो पुन्हा खाली बसला.

रात्री अकोल्यात, बहिणीच्या घरी, भाजलेल्या पायावर फोड आला. त्यानं धोतर जरा खाली सोडून तो झाकला.

लग्न भरदुपारचं, वैशाखातलं. मंगलाष्टकं लांबली आणि ऊन मांडवाच्या कडेनं सरकत बोहल्याशी आलं. भुई तापली. अनवाणी वऱ्हाडी एक पाय उचलून दुसरा टेकवू लागले. नवरीच्या मागं मामा, तोही अनवाणीच, मात्र ताठ उभा होता. शैला दिसायला थेट लहानपणच्या मनकर्णासारखी, आणि तिच्याकडे बघताना तो पाय विसरला होता. बाळापूरकडची दोन माणसं त्याच्या पायांकडे बघून आपसात काही बोलली.

तेवढ्यात गर्दीतून मैनाबाई पुढं आली. सूर्यभानला वाटलं, संपलं. तिच्या हातात पाण्यात भिजवलेलं पोतं होतं.

"मामाले उनात उभं केलं अन् कोनी पाह्यत नाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. पोतं अंथरायला वाकली तसा तिचा आवाज उतरला. "पाय उचला, भाऊ. सारे उचलून राह्यले."

त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा. पोत्यावर उभा राहिला. ती दोन माणसं पुन्हा नवरा-नवरीकडे बघू लागली.

मैनाबाई वाकूनच पोत्याचं टोक सारखं करत होती. "माह्या लहान्या भावाले आमी वावरातल्या खोपडीत ठेवलं होतं," ती म्हणाली. "माह्या लगनाची वाजंत्री त्यानं तिथूनच आयकली."

मग ती उभी राहिली, पदर सावरला आणि मोठ्यानं विचारलं, "आता गार वाटते ना, मामा?"

"हो बाई," सूर्यभान म्हणाला. "लय गार वाटते."

भटजींनी शेवटचं मंगलाष्टक धरलं. त्यानं मूठभर अक्षता घेतल्या आणि दुसरा हात भाचीच्या खांद्यावर ठेवला.